पडण्याची पूर्वतयारी

आमच्या घराण्यात आजवर मुद्दाम असे कोणी पडलेले नाही. आजोबा विहिरीच्या पायरीवरून पडले, ते शेवाळावर पाय घसरून. थोरले काका नगरपालिकेच्या निवडणुकीत पडले, ते मतदारांच्या कृपेने. मी बारावीला गणितात पडता पडता वाचलो. पण रजा काढून, पैसे मोजून, दोन हजारांवर किलोमीटर प्रवास करून पडायला जावे, ही कल्पना आमच्या घरात प्रथम शिरली ती श्रावणातल्या एका रविवारी, अळूच्या वड्यांबरोबर.

"बाबा, या वर्षी आपण स्कीइंगला जाऊ या," कन्या म्हणाली.

आम्ही पुण्याचे. उतारावरून घसरणे म्हणजे पर्वतीच्या पायऱ्या पावसाळ्यात उतरणे, एवढाच आमचा अनुभव. बर्फ म्हटला की उसाच्या रसातला. आई म्हणाली, "हा खेळ तरी काय म्हणायचा?" कन्येची माहिती पक्की होती. पायाला दोन लांब फळ्या बांधायच्या आणि बर्फाच्या उतारावरून घसरत यायचे. शब्द मूळचा नॉर्वेचा, अर्थ चिरलेल्या लाकडाची फळी, आणि तिकडची माणसे त्याचा उच्चार 'शी' असा करतात.

"बरोबरच आहे त्यांचं," आई म्हणाली आणि तिने आणखी एक वडी घेतली.

पण विषय काही ताटाबरोबर उचलला गेला नाही. रात्री आमच्या सौभाग्यवतींनी वाणसामानाच्या वहीचे शेवटचे पान उघडून वर 'गुलमर्ग' असे लिहिले, तेव्हाच मी ओळखले की प्रकरण गंभीर आहे. या वहीत शेवटच्या पानावर जे जाते ते आमच्या घरी होते. फ्रिज, कन्येचे कॉलेज आणि माझे दातांचे काम, सगळे त्याच पानावरून झाले आहे.

पहिला प्रश्न उंचीचा. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तिथे मी कॉलेजात असताना गेलो होतो, आणि त्याची आठवण माझ्या गुडघ्याला अजून आहे. श्रीनगर त्याहून किंचित खालीच आहे. पण गुलमर्ग मात्र सुमारे २,६५० मीटरवर. म्हणजे आपण ज्या खोलीत अंथरूण घालणार, तीच कळसूबाईच्या माथ्यावर आणखी हजार मीटर! तिथून वर जायला झुलत्या डब्यांचा रज्जुमार्ग आहे. त्याचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला. तो कोंगडोरीपर्यंत, म्हणजे तीन हजार मीटरच्या थोडा वर नेतो. २००५ साली दुसरा टप्पा झाला. तो अफरवट पर्वताच्या अंगावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत पोचवतो. तिथून फळ्या बांधून खाली येणारे जगभरातून येतात. त्यांत आमचा समावेश होणार नाही, हे मी पहिल्याच बैठकीत ठरावाने संमत करून घेतले. नवशिक्यांनी खालीच, कुरणातल्या सौम्य उतारांवर शिकायचे असते. उन्हाळ्यात ज्या हिरवळीवर गोल्फ खेळतात, तीच हिवाळ्यात बर्फाखाली जाते.

आईचे वय चौऱ्याहत्तर. डॉक्टरांनी तिचा रक्तदाब पाहिला, हृदयाची तपासणी करून घेतली आणि बजावले, "एकदम वर जायचं नाही. आधी दोन रात्री श्रीनगरला राहा. रज्जुमार्गाचा पहिला टप्पा बस्स झाला. धाप लागली तर हट्ट न करता खाली या." आईने विचारले, "आणि घसरगाडी?" तिथे लाकडी घसरगाडीवर बसवून ओढत नेणारे असतात, हे तिला नातवाने सांगून ठेवले होते. डॉक्टर हसले. नाही म्हणाले नाहीत.

दुसरा प्रश्न, जायचे कधी. मला वाटत होते, हिवाळा आला की हिमालयात बर्फ असतोच. आपल्याकडे नळाला पाणी असते तसे. पण नळाचा अनुभव इथेही लागू पडतो. काश्मिरात कडक थंडीचे चाळीस दिवस मोजतात, २१ डिसेंबरपासून. त्यांना चिल्लई कलान म्हणतात. मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द, आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. हे ऐकून आई खूश झाली. "म्हणजे आपल्या मृग-आर्द्रांसारखंच की!" पण मृग आपल्याकडे जसा दगा देतो, तसे हे चिल्लईही देऊ लागले आहेत. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणे कितीतरी दिवस उघडी, करडी पडली होती. बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५ साली तर 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. तेव्हा आम्ही मध्य गाठला. फेब्रुवारीचा मधला आठवडा, चिरंजीवांच्या नववीच्या परीक्षेच्या आधी.

तिसरा प्रश्न कपड्यांचा, आणि यात मी पुरता अज्ञानी ठरलो. माझा बेत साधा होता: घरातले सगळे कपडे एकावर एक चढवायचे. कन्येने समजावले की अंगालगत सुती कपडा नको, तो घामाने भिजतो आणि भिजला की थंडगार पडतो. जीनची विजार तर मुळीच नको. बर्फात दोनदा बसले की तिची ओली गोणी होते. आत अंगाला बसणारा उबदार कपडा, मध्ये लोकर, आणि वर पाणी न शिरणारे जाकीट व विजार. डोळ्यांना काळा चष्मा हवा, कारण बर्फावरून परतणारे ऊन डोळे जाळते. यांतले रोज न लागणारे सामान विकत घेण्याची गरज नाही. गुलमर्गच्या खाली टंगमर्ग गाव लागते, तिथे गमबूट आणि जाड कोट भाड्याने मिळतात. फळ्या, कडक बूट आणि काठ्या वर मिळतात. माझी माकडटोपी मात्र सौभाग्यवतींनी यादीतून खोडली. "फोटोत मी शेजारी उभी राहणार आहे," एवढेच कारण त्यांनी दिले.

लोकरीच्या शोधात माळ्यावरची ट्रंक खाली आली, आणि तिच्याबरोबर चौथा प्रश्नही खाली आला.

ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात एक गडद तांबडा स्वेटर होता. मी तो ओळखला. १९९० साली मी चौदा वर्षांचा होतो. माझे वडील तार खात्यात. प्रवास-सवलत घेऊन मे महिन्यात काश्मीरला जायचे त्यांनी आदल्या दिवाळीतच ठरवले होते. झेलम एक्स्प्रेसची तिकिटे झाली होती. आईने हा स्वेटर माझ्यासाठी विणला होता, वाढत्या अंगाचा म्हणून चांगला ऐसपैस. मग त्या हिवाळ्यात तिकडे दहशतवादाचा भडका उडाला. वर्तमानपत्रे रोज काही ना काही छापत, आणि दादा रोज संध्याकाळी ती घडी घालून न बोलता कपाटावर ठेवत. एके दिवशी ते स्टेशनवर जाऊन तिकिटे परत करून आले. पुढच्या वर्षी आम्ही उटीला गेलो. स्वेटर एकदाही न घालता ट्रंकेत गेला. दादा काश्मीर न पाहताच गेले.

ट्रंक उघडी होती आणि कोणी बोलत नव्हते. जे मनात होते ते शेवटी सौभाग्यवतींनीच काढले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरणच्या कुरणात सव्वीस माणसे मारली गेली. त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातली. पुण्याचीही होती. आपल्यासारखीच, मुलाबाळांना घेऊन, फोटो काढायला गेलेली. "मी वहीत लिहिलंय खरं," त्या म्हणाल्या, "पण रात्री झोप लागत नाही हो मला."

मी पुरुषासारखे काहीतरी धीराचे बोलायला हवे होते. मला सुचले नाही. खरे सांगायचे तर मला आतून बरेच वाटले. तिकिटे परत करायला दादांसारखे सबळ कारण मिळत होते. आणि मग लक्षात आले की मी आयुष्यभर हेच करीत आलो आहे. मुलाला सायकल घेतली आणि पहिला शब्द काय उच्चारला? "पडशील." मुलीने नाटकात भाग घेतला तेव्हाही तेच. आमच्या घरात 'जपून' हा शब्द 'अच्छा'च्या ऐवजी वापरतात.

आईने स्वेटर झटकला. तिचे बोलणे नेहमीच थोडे. "तेव्हा आपण गेलो नाही, ते बरोबरच होतं," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना मी कधी त्याबद्दल बोल लावला नाही. पण एकदा बरोबर होतं म्हणून दर वेळी बरोबर असतं, असं नाही. त्यांनी नकाशा मात्र फेकला नाही हो. पेन्शनीत निघाल्यावरही काढून बघायचे."

त्या रात्री आम्ही भीती आणि बेत दोन्ही वहीत लिहिले, शेजारी शेजारी. तिकिटे परत करता येतील अशीच काढायची. निघण्याच्या आधल्या आठवड्यात पुन्हा सगळ्यांनी बसायचे. सरकारी सूचना वाचायच्या. एकाचाही जीव मानला नाही तर जायचे नाही आणि त्याला कोणी पुढे टोमणा मारायचा नाही. हे शेवटचे कलम माझ्यासाठी होते, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी मी टंगमर्गच्या एका गृहस्थांना फोन केला. ऑफिसातल्या स्नेह्यांनी नंबर दिला होता. हे गृहस्थ हिवाळ्यात नवशिक्यांना उतारावर शिकवतात. मी बर्फाचे विचारले, वाटेचे विचारले, आणि चाचरत चाचरत ते दुसरेही विचारले. ते थोडे थांबले. मग म्हणाले, "साहब, उस दिन के बाद हमारे घर में भी बहुत दिन कोई ठीक से नहीं सोया।" नंतर त्यांनी आईचे वय विचारले आणि घसरगाडीवर अंथरायला घोंगडी आपल्या घरून आणतो म्हणाले.

शिकायला सुरुवात कशाने होते, असे मी त्यांना जाता जाता विचारले. मला वाटले, उभे राहण्याने. ते म्हणाले, "गिरने से।" आधी पडायला शिकायचे. तोल जातोय असे वाटले की हात पुढे टेकायचे नाहीत. गुडघे वाकवायचे आणि उताराच्या चढत्या बाजूला कुशीवर बसकण मारायची. उठताना फळ्या उताराला आडव्या करायच्या, नाहीतर आपण उठायच्या आत त्या चालू लागतात. जोरात पडलो तर बुटापासून फळी आपोआप सुटावी अशी कळ तिला असते. आणि वेग आवरायला फळ्यांची पुढची टोके जवळ, मागची लांब. म्हणजे अर्ध्या शंकरपाळ्याचा आकार, हे भाषांतर आमच्या आईचे.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईसाठी गाद्या उन्हात घालायच्या होत्या, त्या आधी दिवाणखान्यात पसरल्या गेल्या. चिरंजीवांनी तो तांबडा स्वेटर चढवला. पस्तीस वर्षांनी तो एका चौदा वर्षांच्या मुलाला नेमका बसला. आई खुर्चीवर बसून हुकूम सोडू लागली. कन्या पडली, चिरंजीव पडले, सौभाग्यवती पदर खोचून दोनदा पडल्या आणि हसत राहिल्या. माझी पाळी आली तेव्हा मी सवयीने हात पुढे टेकले.

"हात नाही!" चौघांनी एकदम ओरडून सांगितले.

तिसऱ्या वेळी जमले. पण पन्नाशीचा, ऐंशी किलोचा गृहस्थ मनापासून पडला की आवाज व्हायचाच. पाच मिनिटांत दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू घाबऱ्याघुबऱ्या दारात उभ्या. "अगंबाई, काय पडलं हो तुमच्याकडे?"

मी गादीवरून उठायच्या आत आतून आईचा आवाज आला, "काही नाही हो, आमचा मुलगा पडतोय. शिकतोय अजून."