जमा, खर्च, बाकी

ईदी मिळाली की पहिले चार दिवस खिसा जड असतो. पंधरा दिवसांनी तो रिकामा होतो. मधल्या दिवसांत पैसे कोठे गेले, असे कोणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? हा प्रश्न मलाही एकदा पडला होता आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते.

२०१२-१३ साली मी तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बी.एड. करीत होतो. आमचे घर जुन्या जालन्यात. अब्बा हातगाडीवर मोसंबी विकत. आपल्या जिल्ह्याची मोसंबी तुम्हांला माहीतच आहे. पण त्या वर्षी मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. शेतकऱ्यांनी टँकरचे पाणी घालून झाडे जगवण्याची धडपड केली, तरी कितीतरी बागा वाळून गेल्या. गाडीवर मोसंबी कमी झाली, तशी घरातली मिळकतही कमी झाली.

तरीही अब्बा मला दरमहा २,५०० रुपये पाठवत. खोलीभाडे आणि खाणावळ यांचे १,९०० रुपये जात. उरत ६००. एका महिन्यात अठरा तारखेलाच माझ्याजवळ फक्त ४० रुपये राहिले. मी घरी फोन केला आणि आणखी ५०० रुपये मागितले. अब्बांनी काही विचारले नाही. पैसे आले.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे माझे लक्ष गेले. अब्बा रोजचा हिशेब त्या कॅलेंडरवरच, तारखेच्या चौकटीत लिहीत. मी फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या चौकटीत बारीक उर्दू अक्षरांत लिहिले होते : ‘५००, आडत्याकडून उचल’. मी कितीतरी वेळ तेथेच उभा राहिलो. अम्मी जेवायला हाक मारत होती.

परत गेल्यावर संगणकाच्या तासाला मी गूगलचा हिशेबतक्ता उघडला. तो फुकट होता. त्यात तीन रकाने केले : जमा, खर्च, बाकी. (हे तिन्ही शब्द तुम्हांला उर्दूतून आधीच येतात. ‘रक्कम’ आणि ‘हिशेब’सुद्धा तुमचेच. मराठीच्या पेपरात अवघड शब्दांची तक्रार करताना एवढे लक्षात ठेवा!) मग त्या महिन्यातले जेवढे आठवले तेवढे लिहून काढले. झेरॉक्स आणि पाठांसाठी तक्ते १७०, मोबाइलचे रिचार्ज ८०, चहा-समोसा ३१०. मी तक्त्यांच्या कागदाला दोष देत होतो आणि पैसे चहाच्या टपरीवर जात होते. शेवटच्या चौकटीत बेरजेचे सूत्र घातले. एक आकडा बदलला की बेरीज आपोआप बदलत होती. पाच रुपयांचा चहा लिहिला की बाकी पाचने उतरताना दिसे. पुढच्या महिन्यांत मी पुन्हा पैसे मागितले नाहीत. समोसा मात्र पूर्ण सुटला नाही, हे खरे सांगितले पाहिजे.

आज असा तक्ता घरातल्या कोणाच्याही स्मार्टफोनवर फुकट मिळतो. तो आधी फोनमध्ये उतरवून ठेवला, तर इंटरनेट नसतानाही लिहिता येते. २०१६ साली यूपीआय आले आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला भीम ॲप निघाले. अशा ॲपमध्ये प्रत्येक देण्याघेण्याची नोंद आपोआप राहते. पण नोट हातातून जाताना जसे जाणवते, तसे फोनमधून पैसे जाताना जाणवत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा ती नोंद काढा आणि आपल्या तक्त्यात उतरवा. हिशेबाचे एखादे ॲप तुमचे संदेश वाचण्याची परवानगी मागू लागले, तर आधी घरी विचारा. साध्या तक्त्याला अशी परवानगी लागत नाही. आणखी एक गोष्ट : पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘पिन टाका, पैसे मिळतील’ असे कोणी म्हणाले, तर तो तुमचे पैसे काढून घेत आहे असे समजा.

आता अब्बा थकले आहेत. गाडी बंद झाली. कॅलेंडर सुरू आहे. गेल्या महिन्याच्या शेवटी घरखर्चाचा हिशेब जुळवायला आम्ही दोघे बसलो. माझ्या फोनमधली बाकी आणि त्यांच्या कॅलेंडरवरची बाकी यांत २० रुपयांचा फरक आला. मी म्हणालो, “अब्बा, बेरीज यंत्राने केली आहे. ती चुकणार नाही.” त्यांनी चष्मा लावला आणि तारखांवरून सावकाश बोट फिरवले. बारा तारखेवर बोट थांबले.

“त्या दिवशी टपरीवर तू रोख दिलेस,” ते म्हणाले. “फोनला कसे कळणार?”

मी फोन उघडला आणि बारा तारखेच्या ओळीत लिहिले : चहा, २०.