साखरेचा माग

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात वाढलेल्या आम्हा भावंडांना साखर म्हटली, की उसाच्या बैलगाड्या, गाळपाचा हंगाम आणि मळीचा वास आठवतो. बाबांची सारी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. पुढे साखरेनेच त्यांच्या दुखण्याचा माग काढावा, हे आमच्या स्वप्नातही नव्हते.

बाबा पडू लागले. तेही मागच्या मागे. कधी उंबऱ्यात, कधी अंगणात, एकदा तर मिस्साहून परतताना चर्चच्या पायरीवर. मान ताठरली, बोलणे पुटपुटल्यासारखे झाले. जेवताना भाजी सदऱ्यावर सांडे. आम्ही रागावत असू. "बाबा, जरा खाली बघून चाला ना!" हे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकाने किती वेळा उच्चारले, त्याची मोजदाद नाही.

बारामतीत प्रथम कंपवाताचे निदान झाले. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टराने १८१७ साली वर्णिलेला हा विकार मेंदूतील डोपामिन घटल्याने होतो, आणि लेव्होडोपाच्या गोळ्या ती तूट भरून काढतात. आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांतही हेच द्रव्य असते. दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ साली ते वेगळे काढले होते. बाबांना मात्र गोळ्यांनी उतार पडेना.

पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी दोन तपासण्या सुचविल्या. पहिल्या चित्रात डोपामिनची घट दिसली. परंतु ती कंपवातात होते, तशी त्याच्या भावकीतल्या इतर विकारांतही होते. म्हणून दुसरी तपासणी साखरेची. ग्लुकोजसारख्या द्रव्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले असते. त्याची शक्ती दर ११० मिनिटांनी निम्मी होते. उपाशीपोटी ते टोचून बाबांना मंद उजेडाच्या खोलीत शांत पडून राहायला सांगितले. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जेतला वाटा सुमारे २० टक्के. जिथे पेशी कामात असतात तिथे साखर ओढली जाते; जिथे त्या थकल्या, तिथे चित्र मंदावते.

बाबांचा मध्यमेंदू आणि कपाळामागचा भाग मंदावला होता. डॉक्टरांनी त्यांचे डोळे पुन्हा तपासले आणि प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी हे नाव सांगितले. मग हळूच म्हणाले, "या आजारात माणसाची नजर खाली वळत नाही."

आम्ही सारे गप्प झालो. जे त्यांना करताच येत नव्हते, तेच आम्ही दोन वर्षे त्यांच्याकडून रागाने मागत होतो.

हा आजार बरा करणारे औषध आजही नाही. चित्राने तो बरा झाला नाही, पण घर बदलले. ताट उंच चौरंगावर, नजरेच्या टप्प्यात आले. उंबरा काढला. चालताना कोणाचा तरी हात त्यांच्या पाठीशी राहू लागला. त्या रात्री आम्ही त्यांची क्षमा मागितली. चेहरा हलला नाही. पण त्यांनी आमचा हात घट्ट दाबला, आणि बराच वेळ सोडला नाही.

आपल्या घरात कोणी वडीलधारे असे वारंवार मागे पडत असेल, तर वाचकहो, रागावण्याआधी त्यांची नजर तपासून घ्या. एवढ्यासाठीच हे लिहिले.