आयत्या बिळाचे हवामान

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण शिकवताना आपण आजवर नागोबाच्या ऐतखाऊपणावरच बोट ठेवत आलो. मुंग्यांनी (खरे तर वाळवीने) राबून वारूळ उभारायचे आणि नागाने त्यात ठाण मांडायचे. बिळाच्या बाजूने या म्हणीचा विचार करावा असे मला वाटले, ते नगरमधल्या एका काचपेटीमुळे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडे बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला लहानखुरा अजगर आहे. त्याची रीतसर नोंदणी झालेली आहे. (आपल्याकडचा नाग वा धामण पाळणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा ठरतो; गारुड्याची टोपली हद्दपार झाली ती याच कायद्याने. त्या टोपलीत कोरडा, तहानलेला ठेवलेला नाग नागपंचमीला दुधाला तोंड लावी आणि आपण त्याला भक्तिभाव समजत असू.) उन्हाळी सुटीत विद्यार्थी गावी गेला की पेटीची देखरेख माझ्याकडे येते.

सापाच्या शरीरात सस्तन प्राण्यांसारखी ऊब तयार होत नाही. ती त्याला जागा बदलून मिळवावी लागते. भक्ष्य पचवायचे तर तो उबेकडे सरकतो, अंग तापले की सावलीला जातो. म्हणून पेटीत एक तापमान असून भागत नाही. एका टोकाला ३१-३२ अंश, दुसऱ्या टोकाला २५-२६, आणि हवेत निदान ५५-६० टक्के ओलावा, अशी मांडणी लागते. ही निवड काढून घेतली की पेटी म्हणजे केवळ काचेची टोपली.

या विषयावरची बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिलेली. त्यांत दिवे, गरम पट्ट्या, थर्मोस्टॅट यांची पानेच्या पाने आहेत; खोलीच तापली तर काय, याला दोन ओळी. नगरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची हवा पापडासारखी कोरडी असते. तेव्हा पेटीला दुसरे टोकच उरत नाही. गरम पट्टी बंद करून पेटी जुन्या दगडी भिंतीच्या आतल्या खोलीत हलवावी लागते. सापाच्या लपणीवर आम्ही फुटक्या माठाचे मोठे खापर पालथे घालतो आणि ते भिजवत राहतो. पाणी उडते तसा आतला गारवा टिकतो. जानेवारीच्या रात्री मात्र हीच ओल घातक असते. गारठा आणि दमटपणा एकत्र आले की सापाच्या फुप्फुसाला संसर्ग होतो. तेव्हा थर्मोस्टॅटला पर्याय नाही.

हे सारे करताना वारूळ आठवत राहते. बाहेर रान भाजत असताना वारुळाच्या पोटात ओल असते, आणि तापमानही बाहेरच्याइतके वरखाली होत नाही. आफ्रिकेतला हा अजगरही उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांतच राहतो. म्हणजे ‘आयते’ हे विशेषण तिथेही लागू पडते! पण हात नसलेल्या प्राण्याने योग्य हवेची जागा हेरावी, यात मला ऐतखाऊपणापेक्षा जाणकारीच अधिक दिसते.

‘कात टाकणे’ या वाक्प्रचाराचेही तसेच. एखाद्या कवीने दुसऱ्या संग्रहात कात टाकली असे आपण परीक्षणात लिहितो, जणू मनात आणले की झाले. कात येण्याआधी सापाचे डोळे दुधाळ होतात, दिसणे मंदावते, तो लपून बसतो. हवेत ओलावा असेल तर कात तोंडापासून शेपटीपर्यंत मोज्यासारखी उलटी, अखंड निघते. डोळ्यांवरचे पारदर्शक खवलेही तिच्यासोबत जातात. हवा कोरडी असेल तर तिचे तुकडे पडतात. शेपटीला राहिलेले कडे आवळत जाऊन रक्तप्रवाह थांबू शकतो.

गेल्या मे महिन्यात तुकडेच पडले आणि डाव्या डोळ्यावर जुना पापुद्रा राहिला. चिमट्याने ओढू नका, डोळाच दुखावेल, असे पशुवैद्यांनी बजावले. नारळाच्या काथ्याचा ओला भुसा भरलेला, भोक पाडलेला एक डबा आम्ही पेटीत ठेवला आहे. अजगर त्यात स्वतःहून जातो, दोन-दोन दिवस बाहेर येत नाही. पुढच्या कातीसोबत पापुद्रा निघण्याची शक्यता आहे. भुसा रोज हाताने चाचपून पाहतो. दुपारपर्यंत वरचा थर सुकलेला असतो.