मोरीतले शहाणपण

चाळीस वर्षांच्या संसारात आमच्या घरची भांडी स्वच्छ कशी होतात, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ताट समोर येई ते लखलखीत. उठताना ते खरकटे सोडून मी हात धुवायला जाई. मधले सारे मागीलदारी घडे. आईच्या काळी राख, चिंच आणि नारळाचे सोडण होते. पत्नीच्या काळी साबणाची वडी आणि तारेची घासणी आली. बदलले नाहीत ते पाण्यात भिजलेले बाईमाणसाचे हात.

अखेर त्या हातांनीच तक्रार केली. पत्नीच्या तळव्यांना भेगा पडल्या, बोटांच्या पेरांतून रक्त येऊ लागले. डॉक्टरांनी साबणपाणी वर्ज्य सांगितले. २०२० च्या टाळेबंदीनंतर शहरांतून भांडी धुण्याची यंत्रे घरोघरी येऊ लागली होती. पुण्याच्या आमच्या मुलीने तसलेच एक डिशवॉशर कोरगावला धाडून दिले.

पहिले दोन महिने कौतुकात गेले. मग काचेच्या पेल्यांवर पांढुरके पटल धरू लागले, वाट्यांच्या तळाशी पेजेचा थर तसाच राहू लागला. एका रात्री जाग आली ती मोरीतल्या हलक्या आवाजाने. यंत्रातून निघालेली भांडी पत्नी पुन्हा हाताने घासत होती. ‘‘मुलीला सांगू नका हं,’’ एवढेच ती म्हणाली. दिव्याच्या उजेडात तिच्या बोटांवरच्या भेगा पुन्हा उघडलेल्या दिसल्या.

दुरुस्तीचा माणूस यायला पंधरा दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चष्मा लावून यंत्राची पुस्तिका उघडली.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात शेल्बीव्हिल गावी राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रन या बाईंनी १८८६ मध्ये अशा यंत्राचे पेटंट मिळवले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले. त्यांच्या यंत्राचे मर्म घासण्यात नव्हते, दाबाने सुटणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात होते. आजच्या यंत्राचेही तेच आहे. म्हणजे त्याचे बहुतेक बिघाड पाण्याचेच : पाणी कसले आहे, पुरेसे येते का, भांड्यापर्यंत पोहोचते का आणि शेवटी बाहेर जाते का.

पहिला प्रश्न पांढऱ्या पटलाचा. यंत्राला आम्ही बोअरवेलचे पाणी जोडले होते. ‘‘या पाण्यात डाळ शिजत नाही,’’ असे पत्नी कितीदा म्हणाली होती आणि मी ते कुरकुर म्हणून ऐकून सोडले होते. पुस्तिकेसोबतची कागदी पट्टी पाण्यात बुडवली, तिने तेच सांगितले : पाणी जड आहे. यंत्राच्या पोटात राळेचे बारीक मणी असतात. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते धरून ठेवतात, आणि मिठाचे पाणी त्या मण्यांना पुन्हा ताजे करते. आमची मिठाची कुपी केव्हाच रिकामी झाली होती. आपल्या आगरवाड्याचे मीठ घालावे असा मोह झाला. पण आगरातल्या मिठात मातीचा अंश आणि इतर क्षार असतात, तर पुडीतल्या बारीक मिठात ते मोकळे राहावे म्हणून मिसळलेले पदार्थ. यंत्राला शुद्ध, जाड मीठच लागते. ते भरले आणि पाण्याच्या जडपणाप्रमाणे यंत्राचा आकडा वाढवला. चार दिवसांत पेल्यांतून पलीकडचे दिसू लागले.

पेजेचे कोडे जाळीत सुटले. तळाची गाळणी काढली तर माशाचे काटे, खोबऱ्याचा चोथा आणि कढीपत्ता यांचा लगदा हाती आला. मागे कधीतरी ती नीट बसवलीच गेली नव्हती. त्यामुळे कचरा निसटून फवाऱ्याच्या फिरत्या हातांत शिरला होता. एका भोकात बांगड्याच्या हुमणातले तिरफळ घट्ट बसले होते. टाचणीने ते उकरून काढताना मला हसू आले आणि लाजही वाटली. खरकटे आधी निपटायचे असते, ही गोष्ट या घरात मला एकट्यालाच ठाऊक नव्हती.

पाणी कमी येण्याचे कारण नळाजवळच्या चिमुकल्या जाळीत होते. तिच्यात जांभ्याची तांबडी रेव साचली होती. नळ बंद करून आणि वीज तोडून ती धुतली. टाकीची उंचीही मोजली, कारण दहा मीटर उंचीवरचे पाणी जेमतेम एक बार दाब देते. आमची चार मीटरवरची टाकी यंत्राच्या किमान अपेक्षेला कशीबशी पुरत होती. पाणी तळाशी तुंबे, त्याचे कारण कपाटामागे दुमडलेली नळी. सुटा वास येई तो काम झाल्यावर दार बंद ठेवल्यामुळे. एकदा पावडर संपली म्हणून मी हाताने घासायचा द्रव साबण घातला होता, तेव्हा फेस दारातून बाहेर आला. तो दोष तर सर्वस्वी माझा.

एक चूक मात्र दुरुस्त होणारी नव्हती. उत्साहाच्या भरात मी आईचा पितळी तांब्या यंत्रात लावला. लग्नात मिळालेला, गळ्याखाली तिचे नाव घातलेला. तो बाहेर आला तेव्हा काळवंडलेला होता. पितळ, तांबे, कल्हईची पातेली, बिडाचा तवा, मातीचे कुंडले, करवंटीचा दवला यांना त्या तीव्र क्षारांत आणि कढत पाण्यात घालायचे नसते. आमच्या घरातील जुने ते जवळजवळ सगळेच या यादीत आले. ते कोणी तरी हातानेच घासायला हवे.

पंधरा दिवसांनी दुरुस्तीचा माणूस आला, यंत्र पाहिले, चहा घेतला आणि गेला. त्या संध्याकाळी मी मोरीत पाट टाकून बसलो. चिंच लावून, सोडणाने तांब्या घासू लागलो. अक्षरांच्या खाचांतला काळा हळूहळू सुटला आणि आईचे नाव बोटाला लागले. पाठ भरून आली. हे काम रोज, दोन वेळा, इतकी वर्षे.

पत्नी दारात उभी होती. तिने तांब्या हातात घेतला, उजेडाकडे फिरवून पाहिला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

‘‘गळ्याशी राहिलंय,’’ ती म्हणाली.