समन्वयकाचे पद: टस्कलूसा आणि ऑबर्न

'समन्वयक' हा शब्द आपल्या महाविद्यालयांत अलीकडे फार स्वस्त झाला आहे. वाङ्मय मंडळापासून नॅकपर्यंत प्रत्येक कामाला एक समन्वयक असतो. शब्दकोशाच्या दृष्टीने तो विखुरलेल्या गोष्टींचा अन्वय लावणारा. व्यवहारात मात्र ज्याचे काम त्याचे आणि सही दुसऱ्याची, असा माणूस. या शब्दाची खरी वजनदारी आम्हाला जाणवली ती एका अनपेक्षित ठिकाणी, अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये. तिथे 'ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर' नावाचे एक पद असते. 'आक्रमण-समन्वयक' असे त्याचे भाषांतर करता येईल. पण ते सरकारी परिपत्रकासारखे वाटते, म्हणून आम्ही नुसते 'समन्वयक' म्हणू.

आम्ही दोघे, म्हणजे हा लेख लिहिणारे, एम.ए.ला एका वर्गात होतो आणि आज एकाच गावातील दोन महाविद्यालयांत मराठी शिकवतो. ही महाविद्यालये एकमेकांची प्रतिस्पर्धी आहेत; अकरावीच्या प्रवेशांपासून युवा महोत्सवातील एकांकिकेपर्यंत. आमची एक विद्यार्थिनी संशोधनासाठी अलाबामा राज्यातील ऑबर्नला गेली आणि तिच्या पत्रांतून या खेळाचे वेड आमच्यापर्यंत आले. प्रारंभी कुतूहल होते. पुढे ध्यानात आले, की आपण खेळापेक्षा त्यातील एका पदाकडेच अधिक पाहत आहोत.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अकरा जणांचा संघ चेंडू हाती घेऊन पुढे सरकतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड भूमी मिळवली, तर पुढचे चार प्रयत्न मिळतात. दोन प्रयत्नांच्या मध्ये साधारण चाळीस सेकंद असतात. तेवढ्या अवधीत अकरा जणांनी कोठे उभे राहायचे, कोणी धावायचे, कोणी कोणाला अडवायचे आणि चेंडू कोणाकडे जायचा, हे ठरवावे लागते. ते ठरवतो समन्वयक. तो मैदानाच्या कडेला किंवा वर काचेच्या खोलीत बसून, कानाला हेडसेट लावून, एकामागून एक चाली सांगतो. २०२४पासून वरच्या श्रेणीत एका खेळाडूच्या शिरस्त्राणातील यंत्रावाटे थेट बोलण्याची मुभा मिळाली आहे. पण घड्याळात पंधरा सेकंद उरले, की तो आवाज बंद होतो. पुढचे सारे मुलांच्या हाती. शिक्षकाच्या व्यवसायाचे याहून नेमके रूपक आम्हाला अद्याप सापडलेले नाही.

एवढे करून समन्वयक असतो दुय्यमच. त्याच्यावर मुख्य प्रशिक्षक असतो. विजय त्याच्या नावे नोंदवला जातो. पराभव मात्र बहुधा वाटून घेतला जातो, आणि वाटणीत समन्वयकाच्या पदरी मोठा हिस्सा येतो.

आता आमचा विषय. अलाबामा राज्यात दोन मोठी सार्वजनिक विद्यापीठे आहेत: टस्कलूसा येथील अलाबामा विद्यापीठ आणि ऑबर्न विद्यापीठ. त्यांच्यातील वार्षिक सामन्याला 'आयर्न बोल' म्हणतात. बर्मिंगहॅमच्या लोखंड-पोलाद उद्योगावरून पडलेले नाव. पहिला सामना १८९३ साली झाला. १९०७नंतर दोघांचे असे बिनसले, की १९४८पर्यंत ते एकमेकांशी खेळलेच नाहीत. एकाच राज्यात, एकाच भाषेत, एकच खेळ खेळणाऱ्या या दोन संस्थांत समन्वयकाचे पद मात्र किती निराळे असू शकते, हे आम्हाला विलक्षण वाटत आले आहे.

टस्कलूसाला निक सेबन २००७ ते २०२३चा हंगाम संपेपर्यंत मुख्य प्रशिक्षक होते. या काळात त्यांच्या संघाने सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. सेबन मुळात बचावाचे जाणकार. आक्रमण ते समन्वयकाकडे सोपवत, पण आपल्या चौकटीत. त्यांच्या व्यवस्थेत बोलणारा आवाज एकच. सहायक प्रशिक्षक वर्षातून एखाद-दुसऱ्या ठरावीक प्रसंगीच पत्रकारांसमोर येत. चाली समन्वयकाच्या, भाष्य सेबन यांचे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर हे घराण्याचे गाणे होते. गायक बदलले तरी गायकी तीच राहावी, असा आग्रह.

ऑबर्नची गोष्ट वेगळी. तिथे २००९ साली जीन चिझिक मुख्य प्रशिक्षक झाले. तेही बचावाचेच जाणकार. म्हणजे दोन्हीकडील आरंभबिंदू सारखा होता. चिझिक यांनी समन्वयक म्हणून आणले गस मालझान यांना. हे आर्कान्सॉ राज्यात अनेक वर्षे शालेय संघांना शिकवत होते. खेळाडूंनी घोळका करून मसलत करायची नाही, चाल संपली की लगेच दुसरी सुरू करायची आणि प्रतिपक्षाला श्वास घेऊ द्यायचा नाही, हे त्यांचे सूत्र. त्यावर त्यांनी २००३ साली एक पुस्तकही लिहिले होते. ऑबर्नने या माणसाच्या हाती आक्रमणाची सारी सूत्रे दिली. २०१०च्या हंगामात कॅम न्यूटन या क्वार्टरबॅकसह ऑबर्नने चौदापैकी चौदा सामने जिंकले. त्यातला एक टस्कलूसालाच, २४–० असे मागे पडल्यावर, २८–२७ असा. त्या वर्षीचा सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकासाठीचा ब्रॉयल्स पुरस्कार मालझान यांना मिळाला आणि त्यांचे वेतन तेरा लाख डॉलरवर गेले. इथे साथीदाराच्या नावाने मैफल ओळखली जात होती. बालगंधर्वांच्या नाटकाला थिरकवाँसाहेब तबल्यावर असत, हे आपण आजही आवर्जून सांगतो, तसेच काहीसे.

या दोन पदांची तुलना करायची तर इतिहासाने एक प्रयोगच मांडून ठेवला आहे. डिसेंबर २०११मध्ये दोन्ही संस्थांतील समन्वयक एकाच वेळी बाहेर पडले आणि दोघेही लहान विद्यापीठांत मुख्य प्रशिक्षक झाले. टस्कलूसाचे जिम मॅकएल्वेन कोलोरॅडो स्टेटला गेले. मालझान आर्कान्सॉ स्टेटला, आणि तेही सुमारे साडेआठ लाख डॉलरवर, म्हणजे बरेच कमी वेतन पत्करून. स्वतःच्या नावाची किंमत माणूस कशी मोजतो, हे या आकड्यावरून कळावे.

पुढच्या वर्षी काय झाले? टस्कलूसाला डग नसमायर आले आणि संघ पुन्हा राष्ट्रीय विजेता झाला. ऑबर्नला स्कॉट लेफ्लर आले आणि संघाने बारापैकी तीनच सामने जिंकले. वर्षाअखेरच्या आयर्न बोलमध्ये टस्कलूसाने ऑबर्नला ४९–० असे हरवले आणि दुसऱ्याच दिवशी चिझिक यांना पदावरून दूर करण्यात आले. दोनच वर्षांपूर्वी राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा प्रशिक्षक! एका घरातून माणूस गेला आणि घराला कळलेही नाही. दुसऱ्या घरातून माणूस गेला आणि घरच बसले.

यातले कोणते पद चांगले? आमच्यात या प्रश्नावर बराच काळ वाद झाला. एकाचे म्हणणे असे, की आपल्या जाण्याने काही अडत नसेल तर आपण तिथे होतो तरी कशाला? मालझान यांच्या जाण्याने ऑबर्न कोसळले, हेच त्यांच्या कामाचे प्रमाणपत्र. दुसऱ्याचे म्हणणे असे, की अडवून ठेवणारे काम हे काम नव्हे, ती ओलीस ठेवण्याची रीत झाली. कोणी रजेवर गेल्याने बंद पडणाऱ्या विभागाला आपण कधी चांगला विभाग म्हणतो काय?

तथापि उदाहरणे पुढे पाहिली, की दोन्ही मते थोडी थोडी वितळतात. टस्कलूसाच्या घरालाही माणूस गेल्याचे कळत असे. २०१४ साली सेबन यांनी लेन किफिन यांना समन्वयक नेमले. किफिन यांना आदल्याच वर्षी एका विद्यापीठाने हंगामाच्या मध्यावर मुख्य प्रशिक्षकपदावरून काढले होते. वेगवान खेळाविषयी सेबन यांनी पूर्वी जाहीर शंका घेतली होती. २०१३चा आयर्न बोल, मुख्य प्रशिक्षक म्हणून परतलेल्या मालझान यांच्या ऑबर्नकडून, ते ३४–२८ असा हरले होते. (त्या सामन्याच्या शेवटच्या क्षणी ख्रिस डेव्हिसने टस्कलूसाची हुकलेली किक झेलून १०९ यार्ड धाव घेतली. ती चाल कोणत्याच आक्रमण-समन्वयकाच्या वहीत नव्हती, हे आपल्या विवेचनाला लागलेले गालबोट मान्य केले पाहिजे.) किफिन यांनी तो वेग टस्कलूसाच्या चौकटीत आणला. २०१४चा आयर्न बोल ५५–४४ असा संपला. घराण्याने प्रतिस्पर्ध्याची लय उचलली होती, आणि ती उचलून आणणारा एक दुय्यम माणूस होता.

मग जानेवारी २०१७. किफिन यांना दुसरीकडे मुख्य प्रशिक्षकपद मिळाले होते आणि अंतिम सामना आठवड्यावर असताना ते बाहेर पडले. स्टीव्ह सार्किझियन यांनी त्या एका सामन्यापुरती सूत्रे घेतली. टस्कलूसा क्लेमसनकडून ३५–३१ असा हरला. निर्णायक टचडाऊन झाले तेव्हा घड्याळात एक सेकंद उरला होता. समन्वयक बदलल्यानेच पराभव झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण कोणी गेल्याने काहीच अडत नाही, असेही मग म्हणवत नाही.

याच सार्किझियन यांची कथा टस्कलूसाच्या बाजूने बोलते. २०१५ साली मुख्य प्रशिक्षकपद गेल्यावर, व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन, ते सेबन यांच्याकडे विश्लेषक म्हणून आले होते. २०१९ आणि २०२० या हंगामांत ते पुन्हा तिथे समन्वयक होते. जानेवारी २०२१मध्ये त्यांच्या आक्रमणाने अंतिम सामन्यात ओहायो स्टेटविरुद्ध ५२ गुण केले आणि तिथून ते टेक्सास विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. नाव झाकणाऱ्या त्या घराने मोडलेली माणसे उभी केली. मौनाचा मोबदला म्हणून त्यांना पुढची वाट मिळत गेली.

ऑबर्नला वाटेऐवजी सिंहासन होते. मालझान मुख्य प्रशिक्षक झाले खरे. पण चाली सांगण्याचे काम त्यांना धड सोडवेना आणि धड ठेवता येईना. २०१६च्या हंगामात त्यांनी ते आपल्या समन्वयकाकडे सोपवले, २०१८च्या अखेरीस परत स्वतःकडे घेतले, २०२०मध्ये पुन्हा दुसऱ्याला दिले. त्याच वर्षी त्यांचे पद गेले. पुढे २०२१ ते २०२४ या चार हंगामांसाठी ऑबर्नने समन्वयक म्हणून पाच जणांची नावे जाहीर केली. त्यांतले एक तर काही आठवड्यांतच पद सोडून गेले. एका माणसाभोवती बांधलेली वास्तू त्या माणसालाही पेलवत नाही, असे यावरून वाटते. आणि सेबन जानेवारी २०२४मध्ये निवृत्त झाल्यावर पहिल्याच हंगामात टस्कलूसाचे चार पराभव झाले, तेव्हा शंका आली, की आपण ज्याला घराणे म्हणत होतो तोही एक माणूसच होता की काय.

आम्हाला सर्वांत विचारात पाडणारी घटना मात्र त्याच वर्षाच्या शेवटी घडली. मालझान तेव्हा फ्लॉरिडातील एका विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होते. ते पद सोडून ते फ्लॉरिडा स्टेटला समन्वयक म्हणून गेले. तिथले मुख्य प्रशिक्षक माइक नॉर्व्हेल. टल्सा विद्यापीठात मालझान आक्रमण पाहत असताना हे नॉर्व्हेल त्याच चमूत अगदी कनिष्ठ साहाय्यक होते. बारापैकी दहा सामने हरलेल्या संघात, एकेकाळच्या कनिष्ठाच्या हाताखाली, साठीकडे झुकलेला माणूस चाली सांगायला परत जातो. नावासाठी ज्याने २०११ साली वेतन कमी करून घेतले, त्याने २०२४ साली कामासाठी नावच खाली ठेवले. याला पदावनती म्हणावे, असे आम्हाला वाटत नाही.

हे सारे आम्ही आता का लिहीत आहोत? आम्ही दोघांनी मागील आवर्तनात आपापल्या महाविद्यालयात नॅकचे समन्वयकपद सांभाळले. एकीकडे प्रत्येक निकषाची धारिका आधीच्या समन्वयकाने लावून ठेवलेली होती. नवा माणूस आला आणि काम पुढे सरकले. अहवालात त्याचे नाव शोधावे लागते. दुसरीकडे काहीच लावलेले नव्हते. सात वर्षांची कागदपत्रे, छायाचित्रे, उपस्थितीपत्रके एका व्यक्तीच्या स्मरणात आणि तिच्या पेनड्राइव्हवर होती. श्रेणी उत्तम मिळाली, सत्कार झाला, आणि त्या दोन वर्षांत पीएच.डी.चा प्रबंध जिथे होता तिथेच राहिला. आता दुसऱ्या महाविद्यालयाने त्याच व्यक्तीला पुन्हा विचारले आहे. 'तुमच्याशिवाय होणार नाही,' हे वाक्य त्यात आहे. पूर्वी ते गौरवाचे वाटे. २०१२चे ऑबर्न पाहिल्यावर तसे वाटत नाही.

आमच्यातील वाद शेवटी मिटला तो असा. पद चांगले की वाईट, हे तिथे आपले नाव किती दिसते यावरून ठरवू नये; तिथून बाहेर पडता येईल काय, आणि बाहेर पडताना काम मागे ठेवता येईल काय, एवढेच विचारावे. टस्कलूसाने माणसांना बाहेर पडू दिले; ऑबर्नने काम माणसाला बांधून टाकले. मालझान यांची परतण्याची कथा सुंदर आहे ती यासाठी, की त्यात त्यांना स्वतःपासून बाहेर पडता आले.

तेव्हा होकार द्यायचा असे ठरले आहे; पण दोन अटींवर. पहिल्या दिवसापासून एक तरुण सहकारी बरोबर बसेल, आणि सारी कागदपत्रे कार्यालयाच्या कपाटात, कोणालाही सापडतील अशी राहतील. प्राचार्यांनी पहिली अट लगेच मान्य केली. कपाटाचे अजून ठरायचे आहे.