अबू सिंबेल आणि आमचे पळसदेव

इजिप्तला जाऊन आलो असे सांगितले, की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न पिरॅमिडांविषयी असतो. गिझाच्या पठारावर मीही गेलो, मान वर करून पाहिले आणि साडेचार हजार वर्षे हा आकडा मनात मुरवण्याचा प्रयत्न केला. तो मुरला नाही. इतक्या परिचित वस्तूसमोर उभे राहिल्यावर आपण बहुधा पूर्वी पाहिलेल्या छायाचित्रांनाच पुन्हा भेटत असतो. त्यामुळे पिरॅमिडांविषयी लिहिण्याजोगे माझ्यापाशी फारसे काही नाही. त्या प्रवासातले जे अजून छळते, ते दक्षिणेच्या टोकाला, अबू सिंबेलला पाहिलेले.

आस्वानहून पहाटे चारला निघालो. वाळवंटातून पावणेतीनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता आहे. पोहोचल्यावर मंदिर एकदम समोर येत नाही. आधी एका उजाड टेकडीला वळसा घालावा लागतो आणि मग, सरोवराकडे तोंड करून बसलेले, सुमारे २० मीटर उंचीचे दुसऱ्या रामसेसचे चार पुतळे दिसतात. त्यांतल्या एकाचे धड आणि मस्तक पायांशी कोसळून पडले आहे. प्राचीन काळीच भूकंपाने ते पडले असावे. त्याच्या पायावर इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात इजिप्तच्या चाकरीत असलेल्या ग्रीक सैनिकांनी आपली नावे खरडून ठेवली आहेत. गडांच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्यांना आपण शिव्या घालतो. अडीच हजार वर्षे गेली की त्याच खरडण्याला शिलालेख म्हणतात. आत गाभाऱ्यात चार मूर्ती आहेत. दरवर्षी २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला उगवत्या सूर्याचे किरण तिथवर पोहोचतात, मात्र प्ताह हा देव अंधारातच राहतो. अंधाराशी नाते असलेल्या देवाला अंधारात ठेवण्याचा हा विवेक मला विलक्षण वाटला.

आणि मग लक्षात येते, की ज्या टेकडीला आपण वळसा घालून आलो ती खरी टेकडीच नव्हे! आत काँक्रीटचा घुमट आहे. आस्वानच्या उंच धरणाच्या पाण्यात ही मंदिरे बुडणार, म्हणून १९६० साली युनेस्कोने जगाला साद घातली. १९६४ ते १९६८ या काळात डोंगरातच खोदलेली ही दोन्ही मंदिरे कापून त्यांचे हजाराहून अधिक तुकडे केले गेले. त्यांतले कित्येक २० ते ३० टनांचे होते. ते सुमारे ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जोडले गेले. खर्च सुमारे ४ कोटी डॉलर झाला. कोसळलेले मस्तकसुद्धा कोसळलेल्या जागीच, तसेच ठेवले. सूर्यकिरणांची दिशाही सांभाळली. न्युबियाच्या या मोहिमेत आपणही होतो: ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पथक तिथे उत्खननाला गेले होते. माणसाने दगडासाठी इतके कष्ट घेतल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. हे कौतुक मनापासूनचे आहे आणि पुढे जे लिहिणार आहे त्याने ते उणे होत नाही.

आमचा मार्गदर्शक न्युबी होता. सगळी माहिती सांगून झाल्यावर तो सरोवराच्या काठाशी जाऊन उभा राहिला. मी सहज विचारले, तुमचे गाव कुठले? त्याने पाण्याकडे हात केला. आजोबांचे गाव, म्हणाला. मग उत्तरेकडे हात करून म्हणाला, माझे तिकडे.

१९६३–६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे ५०,००० न्युबी लोकांना कोम ओम्बोच्या परिसरात नेऊन वसवले. नव्या वसाहतींना जुन्याच गावांची नावे दिली. नावे तेवढी नेता आली. नाईल तिथून दूर होती आणि नदीकडे तोंड असलेली, भिंतींत चिनी मातीच्या बशा बसवून सजवलेली घरे मागे राहिली. हे पहिलेच विस्थापन नव्हते. आस्वानचे जुने धरण १९०२ मध्ये झाले आणि पुढे दोनदा उंचावले गेले. प्रत्येक वेळी गावे वर सरकली. मुहम्मद खलील कासिम यांची 'अश-शमंदूरा' ही त्या काळावरची न्युबी कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे अबू सिंबेलचा सोहळा झाला त्याच वर्षी. सोहळ्याची छायाचित्रे जगभर गेली. कादंबरीचे नाव माझ्यासारख्या वाचकाला मात्र प्रवासाहून परतल्यावर कळले. २०१४ च्या इजिप्तच्या राज्यघटनेत न्युबी लोकांना १० वर्षांत त्यांच्या मूळ प्रदेशात परतता येईल अशी तरतूद झाली. ती १० वर्षेही २०२४ मध्ये उलटली.

हे सारे मला इतके का लागावे, त्याचे कारण घरातले आहे. माझ्या आईचे माहेर पळसदेवचे, भीमाकाठचे. फिलेचे मंदिर नव्या बेटावर हलवून १९८० मध्ये खुले झाले. त्याच वर्षी आमचे उजनी धरण पुरे झाले. जुने पळसदेव पाण्यात गेले आणि पळसनाथाचे प्राचीन देऊळही. ते कोणी कापले नाही, उचलले नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरले की आधी शिखर दिसते आणि दुष्काळ पडला की सगळे देऊळ. मग पुण्याहून मोटारी येतात. एरवी याच पाण्यावर भिगवणला रोहित पक्षी पाहायला गर्दी असते. फिलेलाही, ती हलवण्यापूर्वी, वर्षातले कित्येक महिने बुडालेल्या खांबांमधून होड्या हाकत हौशी प्रवासी फिरत असत. त्यांना ते रम्य वाटे. मीही लहानपणी पळसनाथाचे शिखर पाहून टाळ्या पिटल्याचे आई सांगते.

२०२४ च्या उन्हाळ्यात देऊळ पुरते उघडे पडले, तेव्हा तिला घेऊन गेलो. भेगाळलेल्या गाळावरून ती जपून चालत होती. देवळाशी तिने हात जोडले, पण थांबली नाही. देवळाकडे पाठ करून पावले मोजू लागली: इथून आड, आडापासून कडुनिंब, कडुनिंबापासून आमचे दार. आड सापडला नाही. दोनदा मोजून पाहिले, दोन्ही वेळा निरनिराळ्या जागी पोहोचली. आसपास लोक छायाचित्रे काढत होते; एका तरुणाने तिला जरा बाजूला व्हायला सांगितले, म्हणजे त्याला नुसते देऊळ मिळाले असते. ती झाली बाजूला. मग मला म्हणाली, "ऊन फार झालंय रे, चल. आणि तुझ्या त्या इजिप्तातल्या पोराला कळव, आमचंबी असंच."