सुटीच्या अर्जात काय लिहायचे?

जालना एमआयडीसी म्हटले की लोकांना सळई आठवते. भट्टीत भंगार वितळते, रोलिंग मिलमधून लालबुंद सळई बाहेर पडते आणि ट्रक भरून दूरदूर जाते. या भट्ट्यांवर राबणारे अनेक हात बिहार, उत्तर प्रदेशकडचे आहेत. त्यांच्यापैकी काहींची मुले आमच्या उर्दू शाळेत शिकतात. आईबापांना मराठी वाचता येत नाही, सरकारी कागद समजत नाही. म्हणून रेशनचा फॉर्म असो की दवाखान्याची चिठ्ठी, ती आम्हा शिक्षकांपुढे येते.

असेच एक पालक एकदा सुटीचा अर्ज लिहून घ्यायला आले. गावाकडे असताना त्यांना एचआयव्हीच्या गोळ्या सुरू होत्या. इकडे आल्यावर त्या संपत आल्या होत्या. ते म्हणाले, "दवा मुफ्त है सर, पर छुट्टी नहीं मिलती." पाळी बारा तासांची, आणि दवाखान्याची वेळ नेमकी पाळीतली. खाडा पडला की मजुरी गेली. ठेकेदार दवाखान्याचा कागद मागणार, आणि कागद दाखवला की आजार साऱ्या मिलमध्ये होणार. आम्ही अर्जात 'प्रकृतीच्या कारणास्तव' एवढेच लिहिले. गावच्या केंद्रातली नोंद जालन्याच्या केंद्रात बदलून घेता येते, हेही त्यांना सांगितले. हे त्यांना आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही दोघे-तिघे शिक्षक या विषयाच्या मागे लागलो. वाचत गेलो तसे कळले, की ही मोफत गोळी सहजासहजी आलेली नाही. एके काळी या उपचाराला माणशी वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त खर्च येई. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली. त्यांचे वडील ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली ही कंपनी काढली होती. आपल्या मुलांना आपण हे नाव कधी सांगतो का? पुढे १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधे द्यायला सुरुवात केली. पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०१७ पासून तपासणीत एचआयव्ही निघाला की लगेच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. गोळी रोज घेतली आणि रक्तातला विषाणू मोजण्याच्या पातळीखाली राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. गरोदर आईने वेळेवर औषध घेतले तर बहुतेक मुले निरोगी जन्मतात.

कायदाही मजुराच्या बाजूने आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका रोजंदारी कामगाराच्या प्रकरणात निकाल दिला, की काम करण्यास माणूस सक्षम असेल तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला कामावरून दूर ठेवता येणार नाही. त्यानंतर २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करता येत नाही, संमतीशिवाय कोणाचा आजार उघड करता येत नाही. शंभर वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार ऐकणारा अधिकारी असायला हवा. पण ठेकेदाराच्या हाताखाली, हजेरीपटावर राबणाऱ्या माणसापर्यंत हा कायदा कोण नेणार?

'सर्वांसाठी उपचार' या शब्दांतल्या 'सर्वां'मध्ये हा माणूस येतो का, एवढाच आमचा प्रश्न आहे. मिळालेला हक्कही जपावा लागतो. २०२२ च्या जुलैत औषधांचा तुटवडा झाला, तेव्हा एचआयव्हीसह जगणारे लोक दिल्लीत नॅकोच्या कार्यालयासमोर चाळीसहून अधिक दिवस धरणे धरून बसले होते.

आपल्या मोहल्ल्यातही बोलायला हवे. "हा आजार आपल्यात नाही," असे छातीठोक सांगणारे भेटतात. नवरा या आजाराने गेला की बाईलाच बदनाम करून माहेरी धाडणारेही भेटतात. आजाऱ्याची इयादत करणे सुन्नत आहे आणि पाठीमागे निंदा, गीबत करणे गुनाह आहे, हे आपण लहानपणापासून शिकतो. मग या एकाच आजाराला वेगळा नियम कसा? शाळेतही हीच गत. २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी किशोरवयीनांच्या शिक्षणाचा कार्यक्रम रोखला. तेव्हा आमच्यातले बहुतेक स्वतः विद्यार्थी होते. जे आम्हाला वर्गात कळले नाही, ते आजच्या मुलांना मोबाईलवरून अर्धवट कळते.

आम्ही उर्दूत एक पानाची माहिती तयार केली: आजार कशाने होतो, कशाने होत नाही, तपासणी कुठे होते, नोंद कशी बदलायची, आणि १०९७ हा मोफत हेल्पलाईनचा नंबर. एका पेशइमामांनी जुम्याच्या नमाजनंतर ती वाटू दिली. काहींनी कागद घडी घालून खिशात ठेवला, काहींनी तिथेच टाकला. टाकलेले आम्ही गोळा केले, ते पुढच्या जुम्याला कामी आले.

आमची मागणी मोठी नाही. आठवड्यातून एक दिवस तरी औषधाचे केंद्र संध्याकाळी उघडे राहावे. प्रकृती स्थिर असलेल्याला एका वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात. तपासणीची गाडी पाळी सुटताना मिलच्या फाटकाशी यावी, आणि तिच्यावरची पाटी मराठीसोबत हिंदी-उर्दूतही असावी. एवढे झाले तर गोळी घेण्यासाठी कोणाला मजुरी गमवावी लागणार नाही.